कपडे वाळत घालू नयेत

जुळी झाली म्हणून इस्त्रीबाईंना मुलाकडे राहायला जावं लागलं. एकच झालं असतं तर सुनेने कसंबसं निभावून नेलं असतं. पण मुलाला निजवावं तर मुलगी उठायची, तिला घ्यावं तर तो टाहो फोडायचा, आणि दोघं मिळून दिवसाला तीस-पस्तीस लंगोट-दुपटी ओली करायची. हे एकट्या बाईचं काम नव्हतं.

इस्त्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बारा मुख्य म्हणून. कुणी वाकडं वागलं की त्या दोन वाक्यांत त्याला सरळ करायच्या. हाताखालच्या बायकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव हळूहळू तोंडावर आलं आणि त्यांना ते आवडलंही. कपड्यांचं त्यांना सगळं कळायचं. रक्ताचा डाग गार पाण्यात काढायचा, गरम पाण्यात घातला की तो जन्माचा बसला. खळ कुठे द्यायची, नीळ किती थेंब. आणि शेवटी ऊन. खाली खोलीएवढी यंत्रं घरघरत असली तरी बाळंतिणींच्या वॉर्डातले कपडे त्या गच्चीवरच्या तारांवर घालायला लावत. "डॉक्टरला बोलवावं लागतं, ऊन आपण होऊन येतं. त्याला नाही म्हणू नये," असं त्या नव्या मुलींना सांगायच्या.

त्यांचा मुलगा घरं विकायचा. त्याच्या कंपनीच्या इमारती 'हिरव्या' म्हणून नावाजलेल्या होत्या. तो स्वतःही त्यातल्याच एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर राहत होता, कारण गिऱ्हाइकाला "मी स्वतः इथेच राहतो" असं सांगितलं की अर्धं काम होतं. दहा मजली इमारत, प्रत्येक सज्जात बांधून काढलेले वाफे, त्यातून खाली सोडलेले वेल. रस्त्यावरून पाहिलं तर हिरवी टेकडी उभी केल्यासारखी दिसायची. काचा दुहेरी, उन्हाची धग आत न येऊ देणाऱ्या. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत. वर वीतभर झडप होती, तीच म्हणे घरभर हवा खेळवायची. खाली दर्शनी भागात भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर एक हिरवं पान हलायचं आणि साध्या इमारतीपेक्षा इथे आज किती वीज वाचली याचा आकडा चढत राहायचा.

इस्त्रीबाईंना आल्या आल्या त्या पानाचं कौतुकच वाटलं होतं. म्हणाल्या, "चांगलं आहे रे. लेकरांना गार घर मिळालं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सज्जात दोरी बांधली. बावीस लंगोट, आठ दुपटी, सहा झबली, आकारानुसार ओळीने, चिमटे एका रेषेत. काम संपवून त्या मागे सरल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. पाऊण तासात दारावरची घंटी वाजली.

दारात इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी होते. आवाज असा की जणू समोरचा माणूस आजारीच आहे. त्यांनी फोन पुढे केला. रस्त्यावरून काढलेला फोटो होता. वेलांच्या हिरव्या पडद्यात मधोमध बावीस पांढरे लंगोट.

"काकू, तुम्ही नव्या आहात म्हणून समजू शकतो," ते म्हणाले. "नियम चौदा. सज्जात कपडे वाळत घालू नयेत. दर्शनी बाजूचा समतोल बिघडतो."

"कशाचा?"

"समतोल. म्हणजे दिसण्याचा. तळघरात वाळवणी यंत्रं आहेत ना. सगळी सोय आहे."

"अहो, बाहेर एवढं रखरखीत ऊन आहे आणि मी कपडे तळघरात नेऊ?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, काकू."

दोरी सोडताना इस्त्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण घर मुलाचं होतं. दात-ओठ खाऊन त्या गप्प बसल्या. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुमच्या इमारतीला लंगोटांची लाज वाटते का रे?"

तो हसला. "आई, इमारत दिसायला हिरवीगार आहे म्हणून तर विकली जाते. आणि हा नियम मीच लोकांना समजावून सांगतो. आता माझ्याच घरातून तो मोडला तर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

तेव्हापासून त्या ओल्या कपड्यांची पाटी घेऊन तळघरात जाऊ लागल्या. सहा यंत्रं, प्रत्येक घराला आठवड्यातून दोन वेळा, दोन-दोन तास. बुधवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी. पण जुळ्यांना वेळापत्रक कोण शिकवणार? रविवारी धुतलेलं बुधवारपर्यंत बादलीत ठेवायचं का? मग त्यांनी तेच केलं जे इमारतीतला प्रत्येक माणूस मुकाट्याने करत होता. कपडे घरातच टाकले. खुर्च्यांच्या पाठींवर दुपटी, दारांवर चादरी, न्हाणीघरात आडव्या दांडीवर लंगोट. समोरच्या घरात बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोबरोबर राहत होते. त्यांचं दार एकदा उघडं दिसलं, तर जेवणाच्या टेबलावर चादर पसरलेली आणि तिच्या एका कोपऱ्यावर ताट ठेवून ड्रायव्हरभाऊ जेवत बसलेले.

"या, बसा," ते म्हणाले. "चादरीला धक्का लावू नका, सोमवारपासून वाळतेय."

त्या दिवशी गुरुवार होता.

महिनाभरात मुलांच्या खोलीत कुबट वास सुटला. सून म्हणाली दुधाचा असेल. इस्त्रीबाईंनी दूध नासल्याचा वास हजारदा घेतला होता, हा तो नव्हता. दुपारी जुळी एकदमच झोपली, असं क्वचितच व्हायचं. तेवढ्यात त्यांनी कपाटाला खांदा लावला आणि ते हातभर पुढे सरकवलं.

मागची भिंत काळी होती. जमिनीपासून छातीपर्यंत बुरशी, मधे मधे हिरवट पोपडे, आणि बोट लावलं तर ओल. त्या भिंतीला लागूनच मुलांचा पाळणा होता.

सून दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते इस्त्रीबाईंना भिंतीपेक्षा जास्त लागलं.

"तुला माहीत होतं?"

"अहो आई, तुम्ही यायच्या आधी दोनदा रंग दिला ह्यांनी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तरी परत वर आली, मग दिसू नये म्हणून कपाट इकडे आणलं. मी म्हटलं होतं कंपनीला सांगा. हे म्हणाले, मीच तक्रार केली तर माझं काय राहील?"

इस्त्रीबाईंनी पाळणा उचलून बाहेरच्या खोलीत आणला आणि तडक सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, हे बांधकामामुळे नाही. राहणाऱ्यांच्या सवयींमुळे होतं. घरात ओले कपडे वाळवले की ओल भिंतीत जाणारच."

चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात! "बाहेर घालू देत नाही तुम्ही, खाली वेळ देत नाही तुम्ही. मग आम्ही कपडे काय अंगावर वाळवायचे?"

"ती तुमची वैयक्तिक व्यवस्था आहे," सेक्रेटरी म्हणाले.

पुढच्या शनिवारी तळघरात एक यंत्र बंद पडलं होतं. वायरमन पाठीमागचं झाकण काढून बसला होता, घामाघूम झालेला. त्या खोलीत सहा यंत्रांची एवढी धग साठायची की उभं राहवत नसे. इस्त्रीबाईंनी पाटी खाली ठेवली आणि सहज म्हणाल्या, "एवढी वीज इथे जळते, मग वरच्या त्या पानाचा आकडा कसा वाढतो रे?"

वायरमन खो-खो हसला. "मावशी, त्या पानाला हे तळघर दिसतच नाही."

"म्हणजे?"

"ही यंत्रं शेजारच्या दुकानांच्या मीटरवर टाकलेली आहेत. पडदा फक्त इमारतीचा मीटर वाचतो. इमारतीवर घेतली असती तर ते पान कधीच वाळलं असतं." मग त्याच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो. "माझं नाव घेऊ नका बरं का. मी पोटासाठी काम करतो."

"तुझं नाव मला माहीतच नाही," इस्त्रीबाई म्हणाल्या. "पण वायर कुठून कुठे जाते ते दाखव."

त्याने दाखवली. जाडजूड काळी वायर छताला लागून भिंत पार करत होती आणि पलीकडे दुकानांच्या मीटरच्या डब्यात शिरत होती. डब्यावर पाटी होती. वाचायला चष्माही लागला नाही.

रात्रीच्या जेवणाला मुलाने पहिला घास घेतला आणि त्यांनी विचारलं, "ती यंत्रं दुकानांच्या मीटरवर आहेत, हे तुला ठाऊक आहे?"

त्याने घास घाईघाईने गिळला.

"सगळ्याच कंपन्या असं करतात, आई. तसं केलं नाही तर हिरवेपणाचा दाखला मिळत नाही. दाखला नाही तर घरं खपत नाहीत. आणि इमारत खरंच बरी आहे गं, गच्चीवरचं पाणी साठतं, काचा चांगल्या आहेत."

"आणि तुझ्या पोरांच्या उशाशी बुरशी आहे. तुझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. रंगाचा डबा आणून भिंतीचं तोंड काळं होतं ते पांढरं केलंस."

"मग काय करू? नोकरी सोडू? उद्या सकाळी कंपनीच्या दुसऱ्या, नव्या इमारतीसाठी आठ कुटुंबं ही इमारत नमुना म्हणून बघायला येतायत. दोन महिने त्यांच्या मागे लागलोय मी."

"त्यांनाही लहान मुलं असतील."

"आई, तुझं काम झालं, निवृत्त झालीस. माझं आत्ता सुरू झालंय. कृपा कर, उद्या तेवढी गप्प राहा."

सुनेने भाताचं भांडं उगाचच इकडून तिकडे सरकवलं. इस्त्रीबाईंनी हात धुतला आणि उठल्या. गप्प राहीन असं त्या म्हणाल्या नाहीत, राहणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. पोटचा पोर होता. त्याने लहानपणी इस्पितळाच्या गच्चीवर चादरींमधून पळापळ केली होती, त्या उन्हात वाढला होता, आणि आता तोच लोकांना ऊन नको म्हणून पटवत होता. याचा राग कुठे काढायचा, त्याच्यावर की स्वतःवर?

सकाळी त्या खाली उतरल्या त्या काही भांडायला नव्हेत. वायरमनने यंत्र दुरुस्त केलं होतं आणि एका बाईने आपली वेळ त्यांना दिली होती, म्हणून ओली पाटी घेऊन चालल्या होत्या. दर्शनी भागात पडद्यासमोर मंडळी जमली होती. मुलगा कडक इस्त्रीचा सदरा घालून पानाकडे हात दाखवत होता. "हा आकडा बघा. जिवंत आकडा आहे. इथे लपवाछपवी काही नाही."

इस्त्रीबाई कडेकडेने जात होत्या. तेवढ्यात गर्दीतल्या एका तरुण बाईने विचारलं, "पण कपडे कुठे वाळवायचे?" तिच्या खांद्यावर दोन-तीन महिन्यांचं बाळ होतं.

"छान प्रश्न," मुलगा म्हणाला. "तळघरात आधुनिक वाळवणी यंत्रं आहेत. कपडे घरात आणायचीच गरज नाही, त्यामुळे घर कायम कोरडं आणि निरोगी."

निरोगी. हा शब्द त्याने उच्चारला नसता तर कदाचित त्या पुढे गेल्या असत्या.

त्यांनी पाटी त्या गुळगुळीत फरशीवर आदळली. पाणी उडालं. "खोटं बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

सगळे वळले. मुलाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "ही माझी आई आहे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आई, आपण नंतर बोलू."

"नंतर यांनी सह्या केलेल्या असतील. बाई, तुम्ही या माझ्याबरोबर. बाळालाही घेऊन या. आधी खाली चला, मग वर चला. दहा मिनिटं लागतील."

"आई, पुरे!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत आईवर ओरडला होता.

इस्त्रीबाईंचा आवाज चढला तो सगळा धुलाईखाना ओलांडून जाईल असा. "एकतीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले. एकही डाग घडी घालून आत दडवला नाही. आणि तू माझ्या नातवंडांच्या खोलीत कपाटामागे दडवतोस? वर मला पुरे म्हणतोस?"

आठांपैकी पाच कुटुंबं त्यांच्यामागे गेली. त्यांनी तळघरातली काळी वायर दाखवली, दुकानांच्या डब्यावरची पाटी वाचायला लावली. मग पाचव्या मजल्यावर नेऊन कपाट ओढलं. बाळवाल्या बाईने भिंतीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." ड्रायव्हरभाऊ जिन्यात उभे होते. म्हणाले, "आमचीही भिंत बघून जा, आमची याहून मोठी आहे."

दुसऱ्याच दिवशी मुलाला कंपनीने विक्रीवरून काढलं आणि कागद सांभाळण्याच्या कामावर बसवलं. घरी येऊन तो आईशी एक शब्दही बोलला नाही, फक्त सुनेला म्हणाला, "हिला सांग, माझं जेवण झाकून ठेवायची गरज नाही."

आठवड्याने समितीने सगळ्यांची सभा बोलावली. विषय एकच, इमारतीची बदनामी. सेक्रेटरींनी अर्धा तास समतोलाबद्दल सांगितलं. घरांची किंमत पडेल म्हणाले. सत्तर-ऐंशी माणसं खुर्च्यांवर माना खाली घालून बसली होती, आणि ते पाहून इस्त्रीबाईंना सेक्रेटरींपेक्षा या लोकांचाच जास्त राग आला.

त्या उभ्या राहिल्या. "तुमच्या सगळ्यांच्या घरी ओल आहे. मला वासाने कळतं. आत्ता या खोलीतसुद्धा प्रत्येकाच्या सदऱ्याला कुबट वास येतोय. एकमेकांच्या अंगाला तो वास येतो आणि तुम्ही अत्तर लावून शेजारी बसता. माझं तर पोराशी बोलणं बंद झालं. तुमचं काय जाणार होतं? एकाने तरी तोंड उघडायचं होतं!"

मग ड्रायव्हरभाऊंची बायको उठली. आतापर्यंत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. "मला दोन वर्षं खोकला आहे," ती म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर मात्र एकेक जण उठायला लागला, आणि थोड्या वेळाने सगळेच एकदम बोलायला लागले. एकाने आपल्या भिंतीचे फोटो आणलेच होते, खिशात. म्हणजे कुणीतरी आधी बोलावं म्हणून वाट बघत होता. इस्त्रीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोटो परत खिशात घातले.

हात वर करून मतं घेतली. सज्जात कपडे घालायची परवानगी थोडक्यात हुकली. गच्चीवर तारा बांधायच्या, हे चार मतांनी पास झालं. यंत्रं इमारतीच्या मीटरवर घ्यावीत असं कंपनीला पत्र गेलं. कंपनीने उत्तर दिलं नाही, फक्त एक दिवस माणूस पाठवून पडदा बंद केला आणि त्यावर 'दुरुस्ती चालू' असा कागद चिकटवला.

इस्त्रीबाई रोज सकाळी गच्चीवर जाऊ लागल्या. वर वारा भरपूर होता, लंगोट तासाभरात खडखडीत वाळत. पाळणा बाहेरच्या खोलीतच राहिला. पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींची बायको चादरींची बादली घेऊन वर आली आणि संकोचून म्हणाली, "थोडी तार मिळेल का?" इस्त्रीबाईंनी सरकून जागा दिली, चिमटेही दिले. बोलल्या मात्र नाहीत. बाईची चूक नव्हती हे त्यांना कळत होतं, पण गोड बोलायची त्यांची तयारी नव्हती.

मुलगा सहा आठवडे बोलला नाही. त्या स्वतःसाठी भाड्याची खोली बघू लागल्या. सुनेला कळलं तेव्हा ती जुळ्यांना दोन्ही काखांत घेऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही गेलात तर मीही तुमच्यामागे येईन. मग ह्यांनी एकट्याने भिंतीला रंग देत बसावं." इस्त्रीबाई थांबल्या, पण भरायला काढलेली बॅग परत कपाटावर चढवली नाही, पलंगाखालीच ठेवली.

एका रविवारी मुलगा स्वयंपाकघरात आला. त्या मटार सोलत होत्या. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"दुसऱ्या इमारतीचा नकाशा बदललाय," तो म्हणाला. "प्रत्येक घराला मागच्या बाजूला कपड्यांसाठी उघडी जागा काढलीय. खिडक्या उघडणाऱ्या. त्या पाच कुटुंबांनी लेखी मागितलं होतं. पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. दाबायला सांगितलं होतं, मी वर पाठवलं."

इस्त्रीबाईंचे हात थांबले. "बरं केलंस."

"बरं काय? माझं नुकसान झालंय आई. तुझ्यामुळे. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस. मीही तो रंगाचा डबा विसरणार नाही." त्यांनी पुढची शेंग उचलली. "आणि आपल्या इमारतीच्या खिडक्या?"

"त्या तशाच राहणार. एकदा बांधून झालं की कंपनी हात लावत नाही."

"मग जा, आणि परत पत्र लिही."

"मी? दर वेळी मीच का?"

"कारण तू इथे राहतोस. लोकांना तूच सांगायचास ना?"

तो तावातावाने बाहेर गेला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग खण उघडल्याचा. थोड्या वेळाने त्याने तिथूनच, अजून चिडलेल्याच आवाजात विचारलं, "झडप किती इंचांची आहे गं?"

इस्त्रीबाईंनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि पट्टी शोधायला उठल्या.